सिस्टर फक्त ऑर्डर पाळते?

हृदयरोग अतिदक्षता विभागात कोण काय करतं, याबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे: डॉक्टर ठरवतात, मॉनिटर लक्ष ठेवतो आणि सिस्टर सांगितलेलं करते. बायपास करून घरी आलेला माणूस सर्जनचं नाव पुढची वीस वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगतो. पहिल्या रात्री आपल्या उशाशी कोण होतं हे त्याला माहीत नसतं, कारण तेव्हा तो गुंगीत, व्हेंटिलेटरवर असतो. नातेवाइकांना माहीत नसतं, कारण ते बाहेरच्या बाकड्यावर असतात. आणि बिलात तिचं काम ‘नर्सिंग चार्जेस’ अशा एका ओळीत, बेडच्या भाड्याला लागून येतं.

या समजाची दोन रूपं आहेत. कडू रूप लग्नाच्या बोलणीत ऐकू येतं: ‘मुलगी नर्स आहे, म्हणजे नाइट ड्यूटी आणि बेडपॅन.’ गोड रूप दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाला दिसतं: गुलाबाचं फूल, ‘देवदूत’, ‘सेवेचं व्रत’, आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा. दोन्हींचा गाभा एकच. या कामाला हात लागतात, माया लागते, सोसण्याची ताकद लागते. डोकं मात्र दुसऱ्या कुणाचं. (त्याच नाइटिंगेलबाई संख्याशास्त्राच्या जाणकार होत्या आणि सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरतात हे त्यांनी आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं, हे भाषणात सहसा येत नाही.)

मी अशा विभागात बरीच वर्षं काम केलं आणि पुढे नव्या मुलींना ते शिकवलं. तेव्हा मी तिऱ्हाईत नाही. म्हणूनच आधी समोरच्याचा पक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडते.

औषध लिहून देण्याचा अधिकार कायद्यानं डॉक्टरचा आहे. एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन आणि कार्डिऑलॉजीच्या डीएमची तीन, अशी साडेअकरा वर्षं घालवून हृदयरोगतज्ज्ञ तयार होतो. सिस्टर जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं शिकून येते. जिथे मिनिटाला जीव जातो तिथे निर्णय एकाच्याच हाती असावा, हेही समजण्यासारखं आहे. शिवाय आता हृदयाचा प्रत्येक ठोका, रक्तदाबाची प्रत्येक लाट, रक्तातला ऑक्सिजन, सगळं यंत्र मोजतं आणि बिघडलं की बोंब मारतं. मग माणसानं पाहत बसण्यासारखं उरलं काय?

या पक्षाकडे एक नावाजलेला प्रयोगही आहे. १९६६ साली चार्ल्स हॉफलिंग या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. वॉर्डातल्या सिस्टरला एका अनोळखी ‘डॉक्टर’चा फोन जातो: अमुक रुग्णाला ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ वीस मिलिग्रॅम द्या, मी आल्यावर सही करतो. डबीवर लिहिलेलं असतं, कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम. फोनवर ऑर्डर घेणं नियमाविरुद्ध, औषध वॉर्डच्या यादीत नाही, फोन करणारा कधी पाहिलेला नाही. तरीही २२ पैकी २१ जणी औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. औषध अर्थातच बनावट आणि निरुपद्रवी होतं, आणि त्यांना वाटेतच थांबवलं गेलं. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग आज्ञाधारकतेचा नमुना म्हणून आजही शिकवतात. सिस्टर आज्ञा पाळते याला आणखी पुरावा कशाला हवा?

हा पुरावा बळकट आहे आणि त्याला बगल देण्याचा माझा विचार नाही. पण तिथे पोचण्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण ज्या विभागाबद्दल आपण बोलतो आहोत तो मुळात का निर्माण झाला, हेच हा पक्ष विसरतो.

१९५० च्या दशकात हार्ट अटॅकचा रुग्ण वॉर्डातल्या कुठल्याही खाटेवर असे. सक्त विश्रांती, मॉर्फीन, ऑक्सिजन, आणि पुढे नशीब. अशा रुग्णांपैकी कित्येक जण हृदयाचा स्नायू फार खराब झाल्यामुळे दगावत नसत, तर हृदयाची लय अचानक बिघडून, व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होऊन दगावत. हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. या थरथरीवर इलाज याच काळात हाती आला. पॉल झोल यांनी १९५६ साली छाती न उघडता बाहेरून विजेचा झटका देऊन लय परत आणून दाखवली. १९६० साली कूवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे मांडलं. इलाज होता, नव्हता तो वेळ. झटका द्यायला एक मिनिट उशीर झाला की जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. वॉर्डबॉय डॉक्टरांना शोधायला जाणार, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून धावत येणार, तोवर सगळं संपलेलं असे.

एडिंबरात डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून सुचवलं की अशा रुग्णांच्या हृदयाची लय अलार्म जोडलेल्या यंत्रावर सतत पाहिली जावी आणि छातीवर दाब देण्याचं शिक्षण डॉक्टरांइतकंच परिचारिकांना आणि इतर कर्मचाऱ्यांनाही द्यावं. पुढच्याच वर्षी कॅन्ससमधल्या बेथनी रुग्णालयात ह्यूज डे यांनी असा विभाग उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन रुग्णालयात लॉरेन्स मेल्टझर यांनी वेगळ्याच टोकापासून विचार केला. चोवीस तास पलंगाशेजारी असणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे परिचारिका. तेव्हा लय ओळखणं आणि जीवघेणी लय दिसली की झटका देणं हे तिचंच काम केलं पाहिजे. रोझ पिनिओ ही परिचारिका या प्रयोगात त्यांच्याबरोबर होती. दोघांनी रॉडरिक किचेल यांच्यासह १९६५ साली हृदयरोग अतिदक्षतेवरचं पुस्तक काढलं, ते परिचारिकांसाठीचं मार्गदर्शक म्हणून. या विषयाच्या सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांतलं हे एक ठळक पुस्तक, आणि ते डॉक्टरांसाठी लिहिलेलं नव्हतं.

परिणाम १९६७ साली किलिप आणि किंबॉल यांनी न्यू यॉर्कमधल्या २५० रुग्णांच्या अनुभवावरून मांडला: शॉकमध्ये न गेलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. तेव्हा रक्ताची गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं सर्रास वापरात नव्हती, अँजिओप्लास्टी जन्माला यायची होती, स्टेंट तर फार पुढे. फरक पडला तो लयीवर सतत नजर ठेवल्यानं आणि नजर ठेवणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे कृती करायची मुभा मिळाल्यानं. डॉक्टर येईपर्यंत थांबून चालणार नाही, या कबुलीतून हा विभाग जन्माला आला. आता त्याच विभागात ‘डॉक्टर सांगतील तेवढंच कर’ असं सिस्टरला सांगणं म्हणजे विभाग ठेवायचा आणि त्याचं कारण फेकून द्यायचं.

इतिहास राहू दे, आजची रात्र पाहू. बायपास झालेला रुग्ण दुपारी चारच्या सुमारास थिएटरमधून बाहेर येतो. घशात नळी, मनगटातल्या धमनीत आर्टलाइन, मानेत सेंट्रल लाइन, छातीतून बाहेर आलेले दोन-तीन ड्रेन, लघवीची नळी, छातीच्या कातडीतून डोकावणाऱ्या पेसिंगच्या तारा, आणि खांबावर चार-पाच सिरिंज पंप. भूलतज्ज्ञ हँडओव्हर देतात. फाइलीत ऑर्डर असते: ‘एमएपी ६५ च्या वर ठेवा.’ म्हणजे सरासरी रक्तदाब पासष्टाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनलीन हे दाब वाढवणारं औषध कमीजास्त करायचं.

ही ऑर्डर नीट वाचा. कधी वाढवायचं, किती वाढवायचं, दाब पडला तो औषध कमी पडल्यामुळे की रक्त कमी पडल्यामुळे, की रुग्ण गरम होऊ लागल्यावर रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे, की नुसती नळी दुमडल्यामुळे, यातलं काहीही तिच्यात लिहिलेलं नाही. रात्रभरात असे पंचवीस-तीस छोटे निर्णय होतात आणि ते सगळे त्या एका ओळीच्या आत मावतात. आपल्याकडच्या फायलींत आणखी एक शब्द पानोपानी असतो: एसओएस. दुखलं तर हे, दाब वाढला तर ते, एसओएस. गरज पडली तर द्या. गरज पडली आहे का, हे ठरवणं म्हणजेच निदान. डॉक्टर ते निदान सिस्टरवर सोपवून घरी गेलेले असतात, आणि त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते सकाळी ‘सिस्टरनं ऑर्डर पाळली’ असं म्हणणं.

यंत्राचं म्हणाल तर, पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा खरा कधी असतो? धमनीतला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला असेल तेव्हा, म्हणजे छातीच्या बाजूला चौथ्या फासळीखालच्या फटीच्या रेषेत. पलंगाचं डोकं वर केलं आणि ट्रान्सड्यूसर दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा साधारण साडेसात मिलिमीटरनं जास्त दिसतो. खरा दाब ५९, पडद्यावर ६६, आणि सगळे खूश. हृदयाच्या पातळीला तो ट्रान्सड्यूसर दर पाळीत, दर कुशीबदलानंतर कोण आणतं? यंत्र स्वतः तर नाही. किंवा पेसिंगच्या तारा घ्या. पेसमेकर झटके देतोय, पण हृदय त्यांना दाद देत नाही, ठोका पडतच नाही, अशी अवस्था येऊ शकते. काही वेळा मॉनिटर पेसमेकरच्या त्या टोकदार रेघांनाच ठोके समजून मोजतो आणि पडद्यावर शांतपणे ‘८०’ दिसत राहतं. खालची धमनीची लाट सपाट झालेली असते. ज्या नजरेनं दोन्ही ओळी एकत्र पाहायची सवय लावून घेतली आहे, तिलाच ते कळतं. उलटही होतं: रुग्ण दात घासतोय किंवा थंडीनं कुडकुडतोय आणि पडदा भयंकर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया दाखवतोय. तेव्हा झटका द्यायचा नसतो, पांघरूण द्यायचं असतं.

पण खरी परीक्षा ड्रेनची. पहिल्या तासात दीडशे मिलिलिटर रक्त आलं, दुसऱ्यात एकशेवीस, तिसऱ्यात वीस. बाहेर नातेवाइकांना हे सांगितलं तर ते देवाला हात जोडतील. नव्यानं लागलेल्या मुलीलाही बरं वाटतं. जुनी सिस्टर मात्र चमकते, कारण रक्तस्राव असा झटकन थांबत नाही. नळीत गुठळी अडकून बाहेर येणं थांबलेलं असू शकतं, आत साठणं नाही. मग ती बाकीच्या गोष्टी पाहू लागते. मानेतल्या लाइनवरचा दाब आठवरून बारावर, मग चौदावर. वरचा आणि खालचा रक्तदाब एकमेकांजवळ सरकतायत. नाडी ९० वरून ११०. लघवी मागच्या तासात पन्नास होती, या तासात वीस. पायांचे तळवे मघाशी कोमट होते, आता गार. रुग्ण अर्धवट शुद्धीत येऊन अस्वस्थ हालचाल करतोय. यातला एकही आकडा एकटा घेतला तर अलार्म वाजण्याइतका वाईट नाही. यंत्र गप्प आहे, आणि ते आपल्या जागी बरोबर आहे. पण सगळे मिळून सांगतात: हृदयाभोवती रक्त साठून ते दाबलं जातंय, टॅम्पोनाड होतोय. अर्ध्या तासात छाती पुन्हा उघडली नाही तर रुग्ण हातचा जाऊ शकतो. त्या क्षणी फाइलीत ‘अस्वस्थ असल्यास झोपेचं औषध एसओएस’ अशी ऑर्डरही असते. आज्ञाधारक सिस्टर ते औषध देईल. चांगली सिस्टर देणार नाही.

परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट सविस्तर मांडली: नवखी परिचारिका नियमांच्या आधारानं चालते, तज्ज्ञ परिचारिका समोरची परिस्थिती एकसंध ओळखते, आणि या दोन टोकांमध्ये वर्षांचा, शेकडो रुग्णांचा अनुभव असतो. याला आपल्याकडे ‘सिस्टरला आतून जाणवतं’ असं कौतुकानं म्हणतात. आतून काही जाणवत नसतं. पाच आकडे, दोन तळवे आणि मागच्या दोनशे रुग्णांची आठवण असते.

हृदय शस्त्रक्रियेनंतर हृदय बंद पडलं तर काय करायचं, याचे नियमही इतर वॉर्डांपेक्षा निराळे आहेत. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सच्या तज्ज्ञगटानं २०१७ साली ते मांडले. फिब्रिलेशन दिसलं आणि एका मिनिटाच्या आत झटका देता येत असेल, तर छातीवर दाब देण्याआधी लागोपाठ तीन झटके द्यायचे. अ‍ॅड्रेनलीनचा नेहमीचा पूर्ण डोस सरसकट द्यायचा नाही. आणि यश आलं नाही तर पाच मिनिटांत छाती पुन्हा उघडायची तयारी हवी. सामान्य वॉर्डात जे बरोबर, ते इथे नव्या टाक्यांवर घाव घालणारं ठरू शकतं. पहिल्या त्या एका मिनिटात सर्जन तिथे असण्याची शक्यता किती, हे रात्री रुग्णालयात वावरलेल्या कुणालाही विचारा.

आता यंत्राच्या बाजूचा शेवटचा मुद्दा: उद्या अलार्म आणखी हुशार होतील. होतील, मी ते नाकारत नाही. पण आजचे अलार्म काय करतात याचा हिशोब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या रुग्णालयात झालेला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अतिदक्षता विभागांतल्या ७७ खाटांवर ३१ दिवसांत २५ लाखांहून जास्त अलार्म नोंदले गेले. कानाला ऐकू येणारे अलार्मच दर खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाच्या लयीचे जे बारा हजारांवर अलार्म तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, त्यांतले जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. म्हणजे लक्ष ठेवायचं काम यंत्राकडे गेलं हे म्हणणं अर्धवट आहे. यंत्रावर लक्ष ठेवायचं नवं काम सिस्टरकडे आलं, हा उरलेला अर्धा भाग.

मग हॉफलिंगच्या त्या २१ जणींचं काय? १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी तोच प्रयोग दोन बदल करून पुन्हा केला. औषध परिचारिकांच्या ओळखीचं, व्हॅलियम, पण मात्रा अवाजवी. आणि सिस्टरला वाटलं तर सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक. या वेळी १८ पैकी फक्त दोघी ते द्यायला तयार झाल्या. आज्ञाधारकपणा स्वभावात असता तर तो अकरा वर्षांत आणि एका ओळखीच्या औषधानं उडून गेला नसता. पहिल्या प्रयोगातली बाई एकटी होती, औषध अपरिचित होतं, विचारायला कुणी नव्हतं. तिला एकटी पाडा, माहिती देऊ नका, प्रश्न विचारला की झापा, मग ती आज्ञा पाळेलच. तेव्हा हॉफलिंगचा प्रयोग परिचारिकेबद्दल फार थोडं सांगतो आणि तिला जिथे उभं केलं जातं त्या व्यवस्थेबद्दल पुष्कळ सांगतो. पाठ्यपुस्तकं पहिला प्रयोग ठळक छापतात, दुसरा क्वचितच, हेही त्या समजाच्या जोराचंच लक्षण.

इथे वाचक विचारेल: सिस्टर इतकं ठरवत असेल तर ते दिसत का नाही? याचं उत्तर लेनर्ड स्टाइन या डॉक्टरनंच १९६७ साली दिलं आहे. त्याच्या लेखाचा विषय डॉक्टर आणि नर्स यांच्यात चालणारा खेळ. खेळाचा नियम असा: सिस्टरनं सल्ला द्यायचा, पण तो सल्ला वाटता कामा नये, डॉक्टरनं तो घ्यायचा, पण विचारल्यासारखं दिसता कामा नये. आपल्याकडे हा खेळ रोज रात्री मराठीत चालतो. ‘सर, टॅम्पोनाड वाटतोय, लगेच या’ असं म्हणायचं असतं. तोंडून निघतं ‘सर, ड्रेन जरा कमी झालाय, एकदा बघून जाता का?’ ‘पोटॅशियम कमी असणार, लघवी फार होतेय’ याऐवजी ‘सर, पोटॅशियम पाठवून ठेवू का?’ समजूतदार डॉक्टर खूण ओळखतो. झोपेतून उठलेला रेसिडेंट ‘सकाळी बघू’ म्हणतो आणि कूस बदलतो. मग जुनी सिस्टर दुसरा फोन करते, या वेळी त्याच्या वरच्याला, आणि दुसऱ्या दिवशी दोघांचंही ऐकून घेते. पुढे अमेरिकेतल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेनं ‘एसबार’ नावाची बोलण्याची रीत रुजवली: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज आणि शेवटी तुमची शिफारस. फोनवर परिचारिकेनं शिफारस करायचीच, ही त्यातली खरी सुधारणा. आपल्या अनेक रुग्णालयांत एसबारचे फलक भिंतीवर लागले आहेत. शिफारस केलेली सगळ्यांना चालते, असं मात्र नाही.

स्तुतीनंही हेच झाकलं जातं. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची मुंबईच्या केईएम रुग्णालयात चार दशकं शुश्रूषा झाली. त्यांच्या इच्छामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं, देशानं डोळे पुसले. न्यायालयापुढच्या नोंदींत एक साधी गोष्ट होती: इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही. आम्ही नर्सिंगची माणसं त्या ओळीशी थबकलो. हलू न शकणाऱ्या माणसाला निकालापर्यंतच्या सदतीस वर्षांत बेडसोर न होणं हे नुसत्या मायेनं होत नाही. ठरावीक वेळानं कूस बदलणं, हाडाच्या उंचवट्यांवरची कातडी रोज तपासणं, आहारातली प्रथिनं, ओल, चादरीची सुरकुती, आणि हे सगळं पिढ्यान् पिढ्या हँडओव्हरमधून न चुकता पुढच्या पाळीकडे जाणं, हे व्यावसायिक कौशल्य आहे, आणि फार वरच्या दर्जाचं. त्याला ममता म्हटलं की कौतुक होतं, हिशोब होत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. तो असा: ‘तुम्ही सांगता ती सिस्टर पुस्तकात असेल. आमच्या रुग्णालयात तर कालच कोर्स संपवून आलेली बावीस वर्षांची मुलगी आयसीयूत उभी असते, तिला ईसीजीही धड वाचता येत नाही.’ खरं आहे. मी अशा मुलींना शिकवलं आहे. कॉलेजात मॉनिटर चित्रात पाहिलेल्या मुलीही त्यांत होत्या. पण यातून निष्कर्ष काय निघतो? सिस्टरला डोकं लागत नाही असा, की डोकं लागणाऱ्या जागी आपण शिक्षण न देता माणूस उभा करतो असा? मुलगी दोन-तीन वर्षांत तयार होते, ड्रेनकडे पाहून चमकू लागते, आणि त्याच सुमारास आखातात किंवा इंग्लंडला निघून जाते, कारण तिथे तिच्या त्या चमकण्याला पगारात किंमत आहे. केरळच्या मुलींनी महाराष्ट्रातली मोठमोठी रुग्णालयं वर्षानुवर्षं सांभाळली. त्याही याच वाटेनं गेल्या. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ साली न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारनं समिती नेमली, आणि तिनं शिफारस केली की अगदी पन्नास खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना वीस हजारांच्या खाली पगार असू नये. शिफारस किती ठिकाणी पाळली गेली, हे कुठल्याही तालुक्याच्या गावात एखाद्या सिस्टरला विचारून पाहावं.

डॉक्टरचं काम सिस्टरनं करावं, असं माझं म्हणणं नाही. झडप बदलायची की दुरुस्त करायची, हे ठरवायला साडेअकरा वर्षांचं शिक्षणच लागतं. म्हणणं इतकंच की पहाटे तीन वाजता ड्रेन कोरडा पडला याचा अर्थ लावणं हेही ठरवणंच आहे, आणि ते ज्याच्या हातात आहे त्याला तसं शिकवायला, तसा पगार द्यायला आणि तेवढीच माणसं सोपवायला हवीत. हा मानापमानाचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या ९ देशांतली ३०० रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले ४,२२,७३० रुग्ण यांचा अभ्यास छापला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती तेवढीच घटलेली. अभ्यास निरीक्षणावर बेतलेला आहे, त्यामुळे कार्यकारणाचा अखेरचा शब्द तो नव्हे. पण नुसते हुकूम बजावणाऱ्या हातांचं शिक्षण आणि त्यांची संख्या मृत्यूच्या आकड्यांशी अशी बांधलेली का असावी, याचं उत्तर त्या पक्षानं द्यावं.

अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपल्या माणसाची बायपास किंवा अँजिओप्लास्टी ठरवताना तुम्ही सर्जनचा अनुभव विचारता, स्टेंट कोणत्या कंपनीची ते विचारता, पॅकेज विचारता. त्याच टेबलावर आणखी एक प्रश्न विचारा: रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? आणि उत्तर आकड्यात मागा.